अक्कल कुठं ठेवलीस, कमळे

७ ऑगस्ट, गुरुवार

डायरी मागच्या सालाची हाय. वार चुकीचे छापलेत, खोडून लिहायले.

आज लातूरच्या त्या चार मजली शोरूमला काम मागायला गेले. काचेचं दार, आत हिवाळा. टाय लावलेलं एक पोरगं, आमच्या भाच्यापेक्षा, ओमकारपेक्षा बारकं. नाव विचारलं. कमल. कुठून आलात? नांदेडहून. साडीच्या दुकानात होते, गादीवर बसून साड्या दाखवायचे. शिक्षण? चौथी. तिथवर बरं चाललं होतं. मग म्हणतंय, "तुमचे आधीचे बॉस तुमच्याबद्दल काय सांगतील?"

हा काय प्रश्न झाला? मी बसले ना समोर. मला बघ की. आमच्या मालकाचं, अण्णांचं, ऐकायचं असंल तर नांदेडची गाडी धर.

"सांगा ना मावशी. त्यांच्या नजरेतून तुम्ही कशा आहात?"

म्हणलं, "ते म्हणतील, हिला अक्कल न्हाई."

खोटं कामून बोलू? एवढ्या सालात अण्णांनी माझ्याबद्दल दुसरं काही म्हणलेलं मला आठवत न्हाई.

पोरगं हसलं. शेजारच्या पोरीला बोलावलं, म्हणलं मावशी परत एकदा सांगा. मी उठले. "कळवू," म्हणाले.

काम: न्हाई.

८ ऑगस्ट, शुक्रवार

भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. मी खरं सांगितलं का खोटं?

अण्णांच्या दुकानात गिऱ्हाईक भावावर अडलं, चपला शोधायला लागलं, की अण्णा चष्मा काढायचे. चष्मा काढला की मला कळायचं. पदर तोंडाला लावायची, मान खाली. मग अण्णा गरजायचे, पार बाहेरच्या रिक्षावाल्याला ऐकू जाईल असं. "ए कमळे! अक्कल कुठं ठेवलीस? शंभर वेळा सांगितलं, माणूस बघून बोलावं! घरच्या माणसाला हा भाव सांगती? डोळे फुटलेत का तुझे?" आणि मग गिऱ्हाईकाकडं वळून, आवाज एकदम लोण्यासारखा, "न्या. तुम्ही म्हणून."

भाव मी सांगितलेलाच नसायचा. अण्णांनीच चिठ्ठीवर लिहिलेला असायचा.

पण गिऱ्हाईक खाली बसायचं. बायांना माझी दया यायची. उमरीची एक बाई म्हणाली होती, "नका हो सावकार, लेकराबाळाची बाई हाय." आणि त्या दयेपायी आणखी एक साडी काढायला लावली. अण्णांनी ती पण दिली, तुम्ही म्हणून.

सणासुदीला दिवसातून किती तरी वेळा माझी अक्कल जायची. संध्याकाळी अण्णा म्हणायचे, "उद्या लौकर ये." बस. शाबास न्हाई, काही न्हाई.

आता कुणी विचारलं, ते तुमच्याबद्दल काय सांगतील, तर मी काय सांगू?

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. बाळूला बांधली. धाकटा भाऊ, पण आता टकलावर कुंकू टिकत न्हाई. ओवाळणीत साडी घातली. हलकी हाय, धुतली की आटंल. बोलले न्हाई. बोलले असते तर भावजय, सविता, म्हणली असती, "आक्काला आपल्यातलं काही पसंतच पडत न्हाई."

जेवताना बाळू ताटाकडं बघून बोलला. "आक्का, तुळशीचं लग्न झालं की ओमकारची तारीख धरायली. वरची खोली नव्या जोडप्याला लागंल."

वरच्या खोलीत मी झोपते.

"मग मी?"

"मुखेडला तुझ्या दिराचं घर लई मोठं हाय म्हणतेत."

हाय ना मोठं. नवरा गेल्यावर त्याच मोठ्या घरात मला गोठ्याच्या बाजूची जागा दिली होती. जाऊ भाकर वरून टाकायची ताटात, वरून. म्हणून तर नांदेडला गेले होते. मुखेडला जाणार न्हाई. काम लागलं की एक खोली करते, लातुरातच. माझं कुलूप, माझी किल्ली.

बाळूचं चुकलं असं न्हाई. पोराचं लग्न हाय त्याच्या. पण राखीच्या दिवशी सांगायचं का?

१४ ऑगस्ट, गुरुवार

ओमकारनं मोबाईलमध्ये बघून शिकवलं. "आत्या, असं नसतं सांगायचं. म्हणायचं, माझे मालक सांगतील की ही बाई प्रामाणिक हाय, मेहनती हाय, वेळेची पक्की हाय."

"तुझा मालक तुझ्याबद्दल असं म्हणतो?"

"म्हणत नसतेत आत्या कुणीच. पण सांगायचं असतं."

पाठ केलं. गंजगोलाईतल्या एका दुकानात गेले. जुना माणूस, कपाळाला विभूती, अण्णांसारखाच. विचारलं त्यानं पण. सगळ्यांनी एकाच मास्तरची शिकवणी लावली का काय? मी घडाघडा म्हणलं, प्रामाणिक, मेहनती, वेळेची पक्की.

"एवढी चांगली होतीस तर काढलं कामून?"

म्हणलं, "ते त्यांनाच विचारा."

"बाई, तोंड लई चालतं तुझं."

"तोंडाचंच काम हाय ना मामा. मुकी बाई साडी कशी विकंल?"

कळवू म्हणाले. सारखं सारखं लिहायचा कंटाळा येतो, इथून पुढं नुसतं "क." लिहीन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन ठिकाणी. क. क.

दुसऱ्या ठिकाणी म्हणाले पोरी पाहिजेत, वीस-बावीसच्या, ड्रेस आम्ही देऊ. मग बोर्डावर तसं लिहा ना. भर उन्हात चालत बोलावता.

काढलं कामून, ते लिहून ठेवते. एकदाच, मग विषय बंद. अण्णांच्या पोरानं, महेशनं, दुकान ताब्यात घेतलं. गादी काढली, टेबलं लावली. दारावर पाटी: एकच भाव. साडीला चिठ्ठी डकवलेली, मशीन लावलं की पुंई आवाज येतो आणि भाव दिसतो. घासाघीस बंद. घासाघीस बंद झाल्यावर शिव्या खायला बाई कशाला लागती? महेश म्हणाला, "कमलमावशी, उद्यापासून नका त्रास घेऊ." त्रास म्हणे.

अण्णा दाराजवळ खुर्चीवर, त्या खडखड्या पंख्याखाली, रस्त्याकडं बघत बसले होते. मी चप्पल घातली. थांबले जरा. चष्मा डोळ्यावरच होता. काढला न्हाई.

नुसतं "उद्या लौकर ये" म्हणाले असते चुकून, तरी चाललं असतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बाळूकडं बैल न्हाई, मातीचे आणले. सवितानं पुरण केलं, मी वाटलं. म्हणाली, "आक्का, तुम्ही अण्णांनाच फोन करून सांगा ना, कुणी विचारलं तर चांगलं सांगा म्हणून."

मी भीक मागू का?

तिचं वाईट न्हाई मनात. पण खोली रिकामी व्हायची घाई तिलाच जास्त.

एक गोष्ट आठवली आणि पुरण पाट्यावरच राहिलं. मागच्या साली, पाटी लागायच्या आधी. दुपार होती, दुकानात कुणी न्हवतं. मी साड्यांच्या घड्या घालत होते. अण्णा एकदम ओरडले. "कमळे, अक्कल कुठं ठेवलीस?" पुढचं सगळं, तेच. मी पदर तोंडाला लावला, मान खाली घातली आणि हळूच वळून बघितलं, गिऱ्हाईक कोण हाय म्हणून.

कुणी न्हवतं.

मला वाटलं कुणी दारातून आलं आणि गेलं असंल. न्हाई. रस्त्यावर कुत्रं न्हवतं. अण्णा माझ्याकडंच बघत होते. चष्मा डोळ्यावर.

मी परत घड्या घातल्या.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा. सविता कामाला वाघीण हाय, खोटं न्हाई बोलणार. लक्ष्म्यांना साड्या मी नेसवल्या, निऱ्या अशा बसल्या की गल्लीतल्या बाया बघायला आल्या.

त्यातली एक म्हणाली, कापड गल्लीत एक मॅडम बाई शोधायली. लग्नाच्या बस्त्याचं दुकान. सासरा चालवायचा, तो वारला, आता सून बसती. बस्त्याची माणसं येतेत आणि उठून जातेत म्हणे तिच्याकडून.

जातीलच. बस्ता म्हणजे काय शर्टाचं माप हाय का? दोन्हीकडची वऱ्हाडं टेम्पो भरून येतेत, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत. दिवस जातो. भांडल्याशिवाय, रुसल्याशिवाय, एकदा उठून चपला घातल्याशिवाय बस्ता होतच न्हाई. गिऱ्हाईकाला पण ते लागतं. घरी जाऊन सांगायला काहीतरी पाहिजे ना.

तिथं "एकच भाव" चालत न्हाई. तिथं मी चालेन.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. मॅडम पस्तीस-छत्तीसच्या. पंजाबी ड्रेस, केस वर बांधलेले. भिंतीवर सासऱ्याचा हार घातलेला फोटो. बोलायला चांगल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग आलाच प्रश्न.

"तुमचे आधीचे मालक तुमच्याबद्दल काय सांगतील?"

अक्कल न्हाई, असं सांगून बघितलं होतं. प्रामाणिक मेहनती सांगून बघितलं होतं. बेजार झाले होते. म्हणलं, "मला म्हाईत न्हाई. नंबर देते, तुम्हीच विचारा."

नंबर तोंडपाठ हाय. त्यांनी लावला. आवाज मोठा करून मोबाईल टेबलावर ठेवला.

अण्णांनी उचलला. मागून खडखड ऐकू आलं. तोच पंखा. अजून दारातच बसवलंय त्यांना.

मॅडम म्हणाल्या, "नमस्कार काका, लातूरहून बोलतेय, साडीचं दुकान आहे. तुमच्याकडं कमलबाई होत्या ना? त्या कशा आहेत, तेवढं विचारायचं होतं."

मला वाटलं फोन कट झाला.

"कोण? कमळी?" आणि मग सुरू झाले. "तिला काय अक्कल हाय? शंभर वेळा सांगितलं, माणूस बघून बोलावं! घरच्या माणसाला हा भाव सांगती! डोळे फुटलेत का तिचे? अक्कल कुठं ठेवली तिनं, विचारा तिला!"

सगळं. एक शब्द कमी न्हाई. आवाज मात्र म्हातारा झालाय, मधेच फाटला.

मॅडम माझ्याकडं बघायल्या. माझा हात तोंडावर होता, पदरासकट. कधी गेला, कळलं न्हाई.

मग अण्णा हळू बोलले. "न्या. तुम्ही म्हणून."

फोन ठेवला.

मॅडमनी विचारलं, "हे असंच बोलायचे?"

"हाव."

"रोज?"

"गिऱ्हाईक असलं की."

"आणि नसलं की?"

मी उठले. क.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती गेले. ढोल वाजायलेत.

म्हाताऱ्याला भ्रम झालाय का? का माझ्यासाठी बोलला, मला खपवायला, जसं साडी खपवायचा? का तेव्हापासूनच मनातलं होतं आणि गिऱ्हाईकाचं निमित्त होतं?

तिन्ही खरं असू शकतं. एक पण नसंल.

ओमकारला सांगितलं. तो म्हणतो, "आत्या, तू असताना बोलले ना ते? तू नसताना काय बोलतेत ते महत्त्वाचं." शहाणा झालाय लग्न ठरल्यापासून. म्हणलं, "अण्णांना काय म्हाईत मी तिथं बसलेय ते?"

म्हणल्यावर माझं मलाच कसंसं झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमचा फोन. पितरपाट चालू हाय, पंधरा दिवस कुणी कापड घेत न्हाई. घट बसले की मुरुडची पार्टी येणार हाय बस्त्याला. "एक दिवस येऊन बघा. जमलं तर कायमचं ठरवू."

मग म्हणाल्या, "ते तुमच्या मालकांचं... ते आपल्याला करता येईल का?"

म्हणजे मला शिव्या द्यायचं. त्यासाठीच बोलावलं. माझ्या निऱ्या, माझी नजर, रंगाला रंग लावायची अक्कल, ते काही न्हाई. अक्कल नसलेली बाई पाहिजे सगळ्यांना.

"येते," म्हणलं. वरच्या खोलीच्या भिंती बघायला रंगारी येऊन गेला काल.

२० सप्टेंबर, शनिवार

मॅडमच्या दुकानात तालीम. हसावं का रडावं. त्या म्हणतेत, "मी तुम्हाला अगं कसं म्हणू? तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

म्हणलं, "माझी अब्रू तुम्ही नका सांभाळू. म्हणा, कमळे."

"कमळ..." आणि हसल्या. मग, "कमलबाई, तुम्हाला जरा समजत नाही का?"

"अहो, ही काय बँक हाय का? ओरडा!"

शेवटी ओरडल्या, पण डोळ्यात पाणी आणून. मी म्हणलं, शिव्या मी खाणार, रडता तुम्ही. खूण ठरवली, केसात पेन खोचायचा. तेव्हा मी पदर लावायचा.

तुळशीच्या लग्नाला किती राहिलं, ते मोजत न्हाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

मुरुडवाले आले. टेम्पोभर. नवरीची आई, मावश्या, आणि मामा. पांढरी टोपी, काठी. सगळं त्या मामाच्या हातात. बघितल्याबरोबर ओळखलं.

सकाळभर मी उलगडत होते. शालूचा ढीग कमरेएवढा. मॅडम मधेच येऊन घड्या उलट्या घालायच्या, काठ आत. तीन वेळा सांगितलं, काठ बाहेर ठेवा, काठ विकतो साडी. ऐकतेत कुठं. नवरीला मोरपंखी आवडला होता, तेवढ्यात तिच्यापुढं आणखी दहा टाकले. पोरगी गोंधळली. माझं डोकं तापलं होतं, पण उलगडतच होते.

दुपारी मामा भावावर अडला. मॅडम म्हणाल्या, "काका, फिक्स रेट आहे." झालं. मामानं काठी टेकली. "चला गं. लातुरात दुकानं काय कमी हाईत का?" बाया उठल्या. चपला.

मॅडमनी पेन केसात खोचला. मी पदर लावला, मान खाली. मॅडमनी तोंड उघडलं. "अहो कमलबाई, तुम्हाला... तुम्ही..."

आणि अडल्या. नवरीची आई हसली. मामा पायरीवर पोचला.

मला खोली दिसली. कुलूप दिसलं. मुखेडचा गोठा पण दिसला.

मी पदर सोडला, उभी राहिले आणि ओरडले. "अहो मॅडम, तुम्हाला काही कळतं का? मुरुडची माणसं हाईत ही, घरची! घरच्या माणसाला हा भाव सांगता? सासरे असते तर सांगितला असता का त्यांनी? वर बघा त्या फोटोकडं! अक्कल कुठं ठेवलीत?"

मॅडमचं तोंड लाल. मान खाली गेली. पंजाबी ड्रेसवर तोंड लपवायला पदर पण न्हाई बिचारीला. ओढणीचं टोक मुठीत धरलं नुसतं.

एक मावशी म्हणाली, "अगं बाई, नका हो बोलू त्या पोरीला."

मामा वापस आला. बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "हां. आता कसं माणसात आलं दुकान."

मी आवाज उतरवला. "न्या मामा. तुम्ही म्हणून."

सगळा बस्ता झाला. मानपानाच्या टोप्या, करवल्यांचे परकर, सगळं. जाताना नवरीच्या आईनं मॅडमच्या गालाला हात लावला, "ही मोठी बाई हाय म्हणून दुकान हाय हो तुमचं. जपा तिला." मामा म्हणाला, पुढच्या साली धाकटीचा बस्ता इथंच.

गर्दी गेली. मॅडम फोटोखाली उभ्या. मला वाटलं आता हसतील.

"सासऱ्यांचं नाव कशाला काढलं तुम्ही?"

"धंद्याचं होतं ते."

"घरी सगळे हेच म्हणतात मला. ते असते तर. अगदी याच शब्दांत." पेन केसातून काढत, "धंद्याचंच होतं ना?"

हाव म्हणायचं होतं. घड्या घालायला घेतल्या. काठ बाहेर.

निघताना विचारलं, "उद्या लौकर येऊ का?"

"बघू."

२५ सप्टेंबर, गुरुवार

"बघू" म्हणाल्या. "कळवू" न्हाई, हे बरं. का वाईट, म्हाईत न्हाई.

सकाळपासून त्याच एका गोष्टीवर. ओरडले तेव्हा राग खरा होता का? काठ आत ठेवायल्या होत्या त्याचा होता. पोरीपुढं दहा साड्या टाकल्या त्याचा होता. पण भाव पाडायचा होता, त्याचा पण होता. खोलीचा होता. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला "त्यांच्या नजरेतून सांगा" विचारणाऱ्या सगळ्यांचा होता. एवढे राग एका तोंडातून निघाले, त्यातला मॅडमचा किती, हे मला सांगता येत न्हाई. बोलले मीच, तरी मला सांगता येत न्हाई. मग अण्णांना तरी येईल का?

त्या दुपारी, कुणी नसताना. तेव्हा महेश पाटी करायला टाकून आला होता का आधीच? तो राग कुणाचा होता, माझ्यावर का निघाला?

फोन लावून विचारावं वाटलं. मोबाईल हातात घेतला, ठेवला. विचारलं आणि ते परत तेच सगळं बोलले, तर? आणि तेच बोलले न्हाईत, तर?

आता कुणी मॅडमला विचारलं, ही कमलबाई कशी हाय, तर त्या काय सांगतील?

ओमकार खालून ओरडायलाय, "आत्या, भिंतीला आंबा कलर का आकाशी? तू सांग, तुला रंगातलं कळतं." सविता त्याला गप म्हणायली, हळू, पण जिन्यात ऐकू येतं.

आकाशी सांगितला. नवरी सावळी हाय, आंबा कलरात दिसणार न्हाई.

मोबाईल चार्जिंगला लावलाय. आवाज पूर्ण मोठा करून ठेवलाय.